कळांखालचा उजेड

तुम्हाला माहीत होतं. नवरात्र बसायच्या आधी माहीत होतं. तरी तुम्ही शिक्का मारलात आणि मारलेला शिक्का मागं घेतला नाहीत. चूक झाली, चौकशी चालू आहे, असलं काही सांगू नका. चूक व्हायला आधी माहीत नसावं लागतं.

प्रत्येक लॅपटॉपच्या पाठीवर तुमच्या कंपनीचा तो गोल चंदेरी शिक्का असतो. त्यावर यंत्र किती वर्षं जगणार ते वय छापलेलं. तीन वर्षं, पाच वर्षं, नऊ वर्षं. तुमच्या कागदात त्याला 'आयुर्मुद्रा' म्हणतात, सांगलीत सगळे 'वयाचा शिक्का' म्हणतात. वय जास्त तशी किंमत जास्त. साध्या माणसानं त्याचा अर्थ काय घ्यायचा? महागातलं घेतलं तर टिकतं, हाच ना? भारत मगदूमनं तोच घेतला.

भारतचं माधवनगर रस्त्याला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार येते, आतली काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची. दुकानाच्या मागंच घर. त्याची बायको वैजयंता एसटीत कंडक्टर होती. तिचा आवाज असा, की जत गाडीत मागच्या सीटवर झोपलेला माणूस त्याच्या थांब्याला आपोआप उठायचा. नवऱ्याला ती घरातही आडनावानंच हाक मारायची. "मगदूम, दारात गर्दी करू नका, आत सरका." दारात तो एकटाच उभा असायचा.

मग तिकिटं देताना तिची बोटं चुकायला लागली. नंतर पाय, नंतर जीभ. मज्जातंतूंचा आजार निघाला. त्यात शरीराचे स्नायू एकेक करून बंद पडतात आणि मेंदू शेवटपर्यंत लख्ख राहतो. जीभ जड होतेय हे दिसल्यावर भारतची थोरली बहीण शैला रोज पतसंस्थेतून सुटली की थेट इकडं यायची आणि भावजयीला बोलायला लावून आवाज भरून घ्यायची. थांब्यांची नावं, शिव्या, स्वयंपाकाच्या गोष्टी, काहीही. तो आवाज लॅपटॉपात घातला. पडद्यावरचा कॅमेरा वैजयंताचे डोळे बघायचा, ती अक्षरांवर नजर टेकवायची आणि तिच्याच आवाजात वाक्य बाहेर यायचं. पहिल्यांदा आलं ते, "आक्का, चहात साखर कमी झाली आज." शैला मोरीत जाऊन रडून आली.

तो पहिला लॅपटॉप स्वस्तातला. जाड काळं प्लास्टिक, तीन वर्षांचा शिक्का. चालत होता. पण डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. डोळ्यांचे स्नायू सगळ्यांत शेवटी जातात, पण जातात. नजर हळूहळू आखडत जाईल. यंत्र रोज शिकत राहिलं तर ती आखडलेली नजरसुद्धा त्याला वाचता येईल. मध्येच यंत्र बदललं, तर नव्याला पहिल्यापासून शिकवायला तिच्यात ताकद उरलेली नसेल.

भारतनं त्याच दिवशी ठरवलं. शैला म्हणाली, "अजून दोन वर्षं हाईत की त्याला. चालतंय ते कशाला काढतोस?"

"आणि दोन वर्षांनी? शिक्का संपला की हिचा आवाज पण विरघळणार. तेव्हा कुठनं शिकवायचं?"

भारतचं बरोबर होतं. या सगळ्या प्रकरणात त्याची एकही गोष्ट चुकलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यानं नऊ वर्षांचा घेतला. पातळ, चंदेरी, हातात घेतला तर ताटलीएवढा. दुकानदार म्हणाला, काका, हा तुमच्यापेक्षा जास्त जगेल.

आता विरघळण्याबद्दल. ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही ऐकून घ्यावं, कारण सगळं इथंच आहे.

लॅपटॉपातले जुने बोर्ड काचेच्या धाग्यांचे असत. ते बिघडत, पण कुजत नसत. गावोगाव त्यांचे ढीग साठले, ते जाळून तांबं काढणाऱ्या बायकापोरांची फुप्फुसं सडली. मग विरणारा बोर्ड निघाला. शोध चांगला होता, त्याला नावं ठेवायची नाहीत. हा बोर्ड एका खास प्लास्टिकचा असतो. त्याचे रेणू लांब साखळीसारखे आणि ती साखळी सुटायलाच टपलेली. आम्लानं एक दुवा तोडला, की विणलेला स्वेटर उसवावा तशी पुढची सगळी आपोआप सुटत जाते. ते आम्ल बोर्डातच एका द्रव्याच्या पोटात निजवून ठेवलेलं असतं. त्याला जागं करतो फक्त अतिनील प्रकाश. साध्या दिव्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही आणि ऊन यंत्राच्या कवचातून आत पोचत नाही. बोर्डाला चिकटून अतिनील प्रकाशाचा मोहरीएवढा दिवा बसवलेला असतो. शिक्क्यावरचं वय भरलं की आधी सूचना येते आणि मग तो दिवा लागतो. बोर्डाचा पाक होतो. त्यातून सोनं-तांबं गाळून घेता येतं.

तीन वर्षांच्या आणि नऊ वर्षांच्या यंत्रात बोर्ड एकच. प्लास्टिक एकच, आम्ल एकच. फरक फक्त दिवा कधी लावायचा एवढाच. टिकाऊपणाच्या नावाखाली तुम्ही मरणाची तारीख पुढं ढकलून विकत होता.

महागातल्यात दोन गोष्टी जास्तीच्या होत्या. एक म्हणजे साठवण बोर्डातच ओतलेली. स्वस्तातल्यात चार स्क्रू काढले की डिस्क हातात येते. महागातली चोरीला जाऊ नये, पातळ व्हावी, म्हणून बोर्डाशी एकजीव. तिची नक्कल काढायची तर यंत्र आठवडाभर केंद्रात ठेवावं लागतं. भारतनं एकदा विचारलं होतं. आठवडाभर तिला मुकी कोण ठेवणार? दुसरी गोष्ट, कीबोर्डाच्या कळांखाली उजेड. अंधार पडू लागला की प्रत्येक अक्षर खालून पांढरं उजळतं. दिसायला देखणं. स्वस्तातल्याला ते नाही.

दीड वर्षात त्या चंदेरी यंत्रानं वैजयंताला असं ओळखलं, की माणसाला तिचे डोळे नुसते थरथरताना दिसायचे आणि यंत्र त्यातून वाक्य काढायचं. सख्खी नणंद समोर बसली तरी तिला त्यातलं काही कळायचं नाही. यंत्र म्हणायचं, "आक्का, पदर आमटीत बुडतोय तुमचा." काळा लॅपटॉप दुकानात बिलं करायला गेला.

भाद्रपद संपता संपता मिरजेचे डॉक्टर तांबोळी घरी आले. त्यांनी तिची छाती तपासली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. श्वासाचे स्नायू आता थकलेत. थोड्याच आठवड्यांत श्वास अपुरा पडेल. गळ्याला भोक पाडून नळी घालता येईल, मग यंत्र श्वास देईल, वर्षानुवर्षं देईल. पण एकदा घातली की ती सहजासहजी काढता येत नाही, आणि डोळ्यांचे स्नायू गेल्यावरही यंत्र चालूच राहील. नाही घातली, तर ते त्रास होऊ देणार नव्हते, पण ती जाणार होती.

"हे वहिनींनी ठरवायचं," ते भारतला म्हणाले. "तुम्ही नाही, मी नाही. त्यांच्या तोंडचं मला ऐकायचंय."

वैजयंताचे डोळे थरथरले. "दसरा होऊ द्या, डॉक्टर. सणाच्या तोंडावर घरात असलं बोलायचं नाही मला."

ते गेल्यावर भारत पलंगाशी घुटमळत राहिला. शेवटी त्यानं विचारलंच, निदान कल तरी सांग. ती म्हणाली, "तुमचं तोंड बघून ठरवलं तर ते माझं ठरवणं होणार नाही. जावा, मोटारी भरा."

खंडेनवमीला दुकानातली सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात. वाइंडिंगचं मशीन, पकडी, हातोड्या, मीटर. बिलांचा काळा लॅपटॉपही त्यातच. वैजयंता आजारी पडल्यापासून पूजा शैलाच करायची. कंडक्टर असताना वैजयंता तिकिटाचं मशीन डेपोत पुजायची, गाडीला झेंडूची माळ घालायची, ड्रायव्हरकडून पेढे उकळायची. त्या दिवशी आतल्या खोलीतून आवाज आला, "माझं हत्यार राहिलं की ओ."

भारत हसत आत गेला. तिच्यासमोरच लॅपटॉप पुजायचा ठरलं. शैलानं वाटीत हळद कालवली, ताजी, यंदाच्या हंगामातली. कळांच्या खाली जी मोकळी पट्टी असते तिच्यावर एक बोट टेकलं, शेजारी कुंकू.

"आक्का, कंजूषपणा करू नका. वर्षातनं एकदा सण."

"थांब गं भवाने, तुझ्या हत्याराला मळवटच भरते," शैला म्हणाली आणि पाची बोटं बुडवून वरपासून खालपर्यंत ओढली. पाणी जरा जास्त झालं. पिवळा ओघळ कळांमध्ये उतरला. तिनं लगेच पदरानं टिपलं. लॅपटॉपाला काहीच झालं नाही. खोलीत पडदे ओढलेले, कळांखालचा उजेड आपोआप लागला, आणि पिवळं पाणी आतून असं उजळलं की तिघांनाही छान वाटलं. वैजयंता म्हणाली, "राहू दे तसंच. पुसू नका."

दुकानातल्या काळ्या लॅपटॉपालाही तेवढीच हळद लागली होती.

दसऱ्याच्या दिवशी डेपोतल्या बायका सोनं द्यायला आल्या. वैजयंतानं एकीला तिच्या सुनेवरून छेडलं, दुसरीला म्हणाली की तू जाड झालीस, आता तुला अर्धं तिकीट जास्त. सगळ्या खिदळल्या. त्या गेल्यावर ती म्हणाली, "मगदूम, दार लावून घ्या. बसा इथं. आक्का, तुम्ही पण बसा."

दोघं बसली. तिचे डोळे थरथरू लागले. लांब वाक्य असलं की तिला वेळ लागायचा, सगळं जुळवून ती एकदमच बोलायची. दोघं वाट बघत राहिली. भारतला आधी वास आला, कडू, आंबूस, बदाम खवट झाल्यासारखा. मग मधल्या कळा खाली बसल्या, मऊ गुळात बोट रुतावं तशा. पडदा विझला. वैजयंताचे डोळे थरथरतच होते. तिला अजून कळलं नव्हतं. ती बोलतच होती.

भारतनं धावत जाऊन दुकानातला काळा लॅपटॉप आणला. तो सुरू झाला, कॅमेऱ्यानं तिचा चेहरा धरला, आणि पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच ओळ उमटत राहिली. नजरेची हालचाल ओळखता येत नाही. त्याला दीड वर्षापूर्वीची वैजयंता ठाऊक होती. ती आता उरली नव्हती.

विश्रामबागेतल्या सर्व्हिस सेंटरमध्ये रसिका आवटी नावाच्या इंजिनिअर मुलीनं यंत्र उघडलं. आत बोर्डाच्या जागी चिकट पाक. तिनं भारतकडं न बघता लिहिलं, द्रव सांडला, ग्राहकाचा निष्काळजीपणा. साठवण परत मिळेल का, यावर तिनं नुसती नकाराची मान हलवली.

भारत घरी आला तेव्हा शैला वैजयंताचं तोंड पुसत होती. त्यानं आवाज चढवला नाही, तेच वाईट.

"तुझी बोटं लागली त्याला, आक्का. तिची जीभ तू कापलीस."

शैलानं रुमाल घडी करून उशाशी ठेवला आणि बुधगावला आपल्या घरी निघून गेली. पलंगावर वैजयंताचे डोळे जोरजोरात थरथरत होते. ती काय म्हणत होती? आक्काला थांबवा? का जाऊ दे? हळद तर तिनंच मागितली होती. ते तरी तिला सांगायचं असेल. ते सांगायला तिच्याकडं काही उरलं नव्हतं.

चारेक दिवसांनी रसिका आवटी स्वतः दुकानात आली. सेंटरचा टी-शर्ट उलटा घालून वर ओढणी घेतलेली.

"मगदूमकाका, निष्काळजीपणा मी लिहिला, कारण मला तेवढंच लिहायची मुभा आहे," ती म्हणाली. "दसऱ्यापासून तुमच्यासारखे रांगेनं येतायत. सगळे महागातले. स्वस्तातला एक पण नाही."

का, हे तिनं समजावलं. हळद पिवळी दिसते, कारण तिच्यातलं कर्क्युमिन निळा प्रकाश गिळतं. गिळलेली ताकद ते शेजारच्या द्रव्याला देऊन टाकतं. आणि कळांखालच्या पांढऱ्या उजेडात निळा भाग भरपूर असतो. बोर्डातलं निजवलेलं आम्ल एरवी त्या उजेडानं ढिम्म हलत नाही. मध्ये हळद आली की तेच काम होतं जे अतिनील दिवा करतो, फक्त सावकाश. दिवा बिघडला नव्हता, वयही भरलं नव्हतं. यंत्राला वाटलं, मरायची वेळ झाली. काळ्या लॅपटॉपाच्या कळांखाली उजेडच नाही, त्यामुळं त्याच्यातली हळद नुसती हळद राहिली.

भारतनं हातातली मोटार बाजूला ठेवली. मग म्हणाला, "हे कुणाला माहीत नव्हतं?"

रसिकानं दाराकडं बघून घेतलं. "घटस्थापनेच्या आधी आमचं ट्रेनिंग झालं. वरून माणूस आला होता. म्हणाला, सणानंतर लोक पिवळे डाग घेऊन येतील. तक्रारीचे फोटो काढायच्या आधी ते पुसायचे."

"घटस्थापनेच्या आधी?"

"आधी."

"मग लोकांना का नाही सांगितलं?"

"दसऱ्याला लॅपटॉप खपतात, काका."

भारत तसाच बुधगावला गेला. शैलानं त्याला जेवायला वाढलं. आमटी पांढरी, भाजी पांढरी. घरात हळदीचा डबा नव्हता. त्यानं रसिकाचं सगळं सांगितलं, आणि आपल्याच तोंडून जे गेलं होतं ते मागं कसं घ्यायचं हे न कळून ताटात बोट फिरवत राहिला.

"माझी कसली समजूत काढतोस," शैला म्हणाली. "तिला एकटीला टाकून आलास? चल."

पण तोवर उशीर होत आला होता. वैजयंताचे ओठ निळसर पडायला लागले. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर तांबोळींनी दुसऱ्या कंपनीचं यंत्र लावून पाहिलं, काचेवर अक्षरं धरून पाहिली. काहीच जुळेना. शेवटी ते तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, नळी हवी असेल तर वर बघा. नको असेल तर खाली."

भारत एका बाजूला, शैला दुसऱ्या बाजूला. डोळे थरथरले.

"वर बघितलं," भारत म्हणाला.

"ते तसंच थरथरतंय रे मघापासनं."

"वर बघितलं आक्का, मी बघितलं."

"तुला पाहिजे ते दिसतंय तुला."

"आणि तुला?"

शैलानं भावजयीच्या कपाळावरचे केस मागं सारले. "मला पण."

शैलाला काय दिसलं, ते तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मग कागद भारतपुढं ठेवला. ज्या माणसानं ठरवू नये असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, त्याच माणसानं तिचं तोंड बघून ठरवलं. त्यानं नळीसाठी सही केली.

वैजयंता मगदूम आज जिवंत आहे. यंत्र श्वास देतं, छाती वर-खाली होते. पापण्या आता उघडत नाहीत, परिचारिका दिवसातून काही वेळा त्या उघडून थेंब घालते. नळीतला कफ ओढतात तेव्हा डोळ्यांच्या कडेनं पाणी येतं. डॉक्टर म्हणतात, ती शरीराची क्रिया आहे, त्याचा अर्थ लावू नये. भारत तिथंच असतो. दुकान बंद आहे. शैला डबा घेऊन येते, दोघं एकमेकांशी बोलतात ते औषधांपुरतं. आत बुद्धी लख्ख असलेली एक बाई पडून आहे, हे दोघांनाही माहीत आहे. ती आभार मानतेय की शिव्या देतेय, हे माहीत नाही.

भारतच्या तक्रारीवर तुमचं उत्तर आलं. चहा, कॉफी, सरबत, घाम, पावसाचं पाणी या चाचण्या यंत्रानं पार केल्या आहेत. हळद 'सामान्य वापरा'त मोडत नाही. सांगलीत मोडत नाही? जिथं हंगामात मार्केट यार्डाकडून वारा आला तर वाळत घातलेलं धोतर पिवळं होतं, तिथं तुम्ही कळांखाली उजेड लावलेलं यंत्र पाठवलंत. हत्यारांची पूजा करणारी माणसं गिऱ्हाईक म्हणून चालली, त्यांचा सण तुमच्या खपाच्या हिशेबात धरलात, त्यांची हळद चाचणीत धरली नाहीत. आणि धरली असेल, तर उत्तर लपवलंत. पुढं असंही लिहिलंय, की नऊ वर्षं हे वय 'आदर्श परिस्थितीत' लागू आहे. ही आदर्श परिस्थिती कुणाच्या घरात असते? पत्ता द्या.

भरपाईबद्दल इथं कुणी बोलत नाही. नवं यंत्र देऊ म्हणालात, ते ठेवून घ्या. त्याला शिकवणार कोण?

दसऱ्याच्या दिवशी एका बाईनं नवऱ्याला दार लावायला सांगितलं, समोर बसवलं, आणि आपल्या मरणाबद्दल एक वाक्य जुळवलं. ते वाक्य तुमच्या शिक्क्याच्या यंत्रात पूर्ण झालं होतं की अर्धं होतं, कुणाला ठाऊक नाही. तुम्ही ते आधीच विरघळायला लावून ठेवलं होतं. आता तिच्या वतीनं रोज सकाळी भारत मगदूम नळीकडं बघतो आणि चालू ठेवा म्हणतो. ते तुम्ही म्हणा. दवाखान्यात या, तिच्या पलंगाशी उभे राहा, आणि सही करून सांगा.

तिला नळी हवी होती की नको?